रेनातोला दिलेलं खोटं उत्तर

रेनातो,

तुझा व्हिसा मीच कॅन्सल केला. त्याशिवाय तुला विमानात चढवलं नसतं. एरवी हे काम माझं पाच मिनिटांचं. शारजात रोल्लातल्या या टायपिंग सेंटरमध्ये बसून चौदा वर्षं लोकांचे व्हिसाचे अर्ज भरतेय, डोळे मिटूनसुद्धा भरेन. त्या दिवशी अर्धा तास लागला. शिरीष दोनदा डोकावून गेला, "होतंय ना गं?" म्हणून. त्याला म्हटलं, सिस्टिम स्लो आहे. त्याला काय ते कळलं. गुपचूप चहा ठेवून गेला बिचारा नवरा.

आता मुद्द्यावर येते. पाल्हाळ लावलेलं तुला चालायचं नाही, लगेच घड्याळावर बोट आपटायचास.

तू हॉस्पिटलमध्ये असताना मी तुला एक खोटं सांगितलं. तू विचारलंस, "सानिकाला माझा निरोप दिलास?" मी म्हटलं, दिला. तू विचारलंस, "मग काय म्हणाली?" मी म्हटलं, "ओके कोच, असं म्हणाली." दोन्ही खोटं. माझ्या लेकीला मी तुझा निरोप दिलाच नव्हता, तर ती काय म्हणणार कप्पाळ! आणि तू गेलास तो तिच्या नावावर मी बनवलेलं ते दोन शब्दांचं उत्तर घेऊन. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. ते दुरुस्त केल्याशिवाय तुझ्याविषयी चार बरे शब्द लिहायचा मला हक्क नाही, म्हणून लिहायला बसलेय.

पण तुला तरी पहिल्यापासून सगळं कुठे माहीत आहे? माझ्या बाजूने ऐक एकदा.

सहा वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा सेंटरात आलास, तेव्हा 'बास्केटबॉलवाला' म्हटल्यावर मी ताडमाड माणूस येणार म्हणून बघत होते. आलास तर शिरीषपेक्षा जेमतेम दोन बोटं उंच, डोक्यावर टक्कल, एका पायाने लंगडत. दुबई मरीनात तुला ज्या अकॅडमीने इटलीहून आणलं होतं ती वर्षभरात बंद पडली होती, आणि शारजातली एक शाळा तुला घ्यायला तयार होती. मी अर्ज उघडला. प्रोफेशन? तू म्हणालास, "प्लेमेकर." म्हटलं, असलं काही आमच्या यादीत नाही.

"इटलीत पॉइंट गार्डला हेच म्हणतात," तू म्हणालास. "तो बॉल घेऊन येतो. कोणी कुठे पळायचं ते ठरवतो. मग बॉल दुसऱ्याला देतो."

"आणि बास्केट कोण करतं?"

"दुसरा."

"मग तुझं त्यात काय?"

"माझं तेच," तू म्हणालास, आणि असा बघायला लागलास जणू मी काहीतरी भलतंच विचारलं. मी 'स्पोर्ट्स ट्रेनर' टाइप केलं. त्यावरून पुढची सहा वर्षं तू मला टोमणे मारलेस. माझ्या आयुष्याला तू चुकीचं नाव दिलंस, म्हणायचास. अरे बाबा, सरकारी यादी आहे ती, मी काय करू!

सगळे गोरे लोक दुबई मरीनात समुद्र बघत राहतात आणि तू कुठे राहिलास, तर आमच्या सेंटरच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, मसाल्याच्या वासात. मी म्हटलं, रेनातो, तुला कुणी शिक्षा केलीय का? तू म्हणालास, "इथे खाली उतरलं की माणसं दिसतात." खालचे टेलर हमीदभाई आपल्या रत्नागिरीचे. त्यांनी तुझ्या ट्रॅकपँट गुडघ्याला आतून अस्तर लावून शिवून दिल्या, आणि तू त्यांना 'हबीबी मास्टर' म्हणायला लागलास. रोज संध्याकाळी चार वाजता काउंटरला टेकून माझ्याकडचा चहा प्यायचास. साखर कमी म्हणून कुरकुर करायचास आणि वर स्वतःला डायबेटिस आहे हे लपवायचास. मेल्या, असं म्हणायची सवय होती मला. आता तीही सोय राहिली नाही.

सानिका त्या शाळेत पाचवीला. तिला तू मुलींच्या टीममध्ये घेतलंस. तीन महिने झाले, पोरीची एक बास्केट नाही. मी आले भांडायला. माझा स्वभाव तुला तेव्हा माहीत नव्हता. म्हटलं, कोच, सगळ्यांच्या मुली पॉइंट करतात, माझी नुसती पळते का? तू शांतपणे म्हणालास, "मॅडम, काल तिने सात बास्केट केल्या. फक्त हात दुसऱ्यांचे होते." मी घरी येऊन शिरीषला म्हटलं, माणूस गोड बोलून फसवतोय. पुढच्या शनिवारी तू मला बाकावर शेजारी बसवलंस आणि म्हणालास, आज बॉलकडे बघू नका, फक्त सानिकाचे डोळे बघा. बघितले. बॉल हातात यायच्या आधीच पोरीला माहीत होतं तो कुठे द्यायचा ते. घरात हिला समोर ठेवलेली पाण्याची बाटली दिसत नाही आणि इथे हे! मला भरूनच आलं. तुला सांगितलं नाही, कारण तू चढला असतास.

तुझी कारकीर्द मला अशीच कळली, रोज एक कप चहाएवढी. सोळा सीझन, सात गावं. मोठ्या क्लबांची नव्हेत. कारखाने, चर्च, एक हॉल आणि त्यात चिकटून बसलेलं सगळं गाव, अशी गावं. पंधराव्या वर्षी शाळा सोडून घराबाहेर पडलास. वडील खाटीक, त्यांना वाटायचं पोरगा दुकान सांभाळेल. एका गावात तुझ्या टीमने वरच्या लीगमध्ये उडी मारली तर लोकांनी तुला खांद्यावर घेऊन बेकरीत नेलं. दुसऱ्या गावात मालकाने चार महिने घर दिलं ते चीझच्या गोदामावर, तो वास तुझ्या बायकोला सहन झाला नाही आणि ती गेली. हे तू हसत सांगायचास. मला हसू यायचं नाही. मी म्हणायचे, चीझमुळे कुणी नवरा सोडत नाही रेनातो. तू म्हणायचास, "नाही. ती गेली कारण मी सगळं हॉलमध्येच वाटून यायचो, घरी काही उरायचं नाही."

आता ती वडीची गोष्ट. सीझन संपल्यावर मी सगळ्या टीमला घरी बोलावलं होतं. दहा मुली, त्यांच्या आया, आणि तू. कोथिंबीर वडी संपत आली, ताटलीत एकच उरली. झालं! ताटली फिरायला लागली. "तू घे." "नाही गं, तू घे." "काकू, तुम्ही घ्या." "अगं मी मघाशीच दोन घेतल्या." तू सोफ्यावर बसून मॅच बघावी तसा बघत होतास. ताटली पूर्ण खोली फिरून टीपॉयवर आली, वडी जिथल्या तिथे. मग तू उठलास, ती उचललीस, तोंडात टाकलीस आणि बोट नाचवत म्हणालास, "आता कळलं आपण का हरतो!"

खरंच होतं की. आमच्या पोरी बास्केटखाली जाऊन एकमेकींना बॉल देत बसायच्या. तू टाक, नाही तू टाक. सांगणाऱ्या आम्हीच ना. आधी दुसऱ्याला द्यावं, आपलं मागून बघावं, हे आम्ही त्यांना बोलायला यायच्या आधी शिकवलेलं. मीच सगळ्यात जास्त. सानिकाचं कौतुक करताना मी चारचौघांत सांगायचे, माझी मुलगी कधी स्वतःसाठी खेळत नाही. तू एकदा मला बाजूला घेऊन म्हणालास, "हे सांगणं बंद करा. तिला टाकायचंसुद्धा आलं पाहिजे." पुढच्या शनिवारपासून तू कोर्टाच्या कडेला उभा राहून ओरडायला लागलास, "वडी!" म्हणजे, आता देऊ नकोस, टाक. समोरच्या टीमचे कोच चक्रावून बघायचे. आणि आपण जिंकायला लागलो.

याच वेळी तू ती शेवटच्या मॅचची गोष्ट सांगायला लागलास. दर सीझनला, पहिल्या दिवशी, मुलींना गोल बसवून. तुझी शेवटची मॅच. एक पॉइंट मागे. हरलं तर टीम खालच्या लीगमध्ये. सहा सेकंद राहिलेले, बॉल तुझ्या हातात, तू मोकळा. आणि तू टाकला नाहीस. एकोणीस वर्षांच्या एका मुलाला दिलास. त्याचा हुकला. "तो बॉल माझा होता," तू सांगायचास. "मी घाबरलो आणि त्याला छान नाव दिलं. पास म्हटलं. तुम्ही असं करू नका."

यावरून आपलं किती भांडण झालं! मला ती गोष्ट आवडायची नाही. मी म्हणायचे, तू स्वतःला दोष देतोस असं दाखवतोस, पण दर वर्षी दहा पोरींसमोर त्या मुलाचा शॉट हुकवतोस. त्याने काय करायचं? तू म्हणायचास, "तुला खेळ कळत नाही." मी म्हणायचे, खेळ नाही कळत, पोरं कळतात. मग तू चहा अर्धा टाकून वर निघून जायचास आणि दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा हजर. हे भांडण मिटलंच नाही आपलं. माझी खात्री होती की कधीतरी तू म्हणशील, बरं बाई, तुझं खरं.

यंदाच्या जानेवारीतली ती सेमीफायनल. सानिका दहावीला. बोर्ड दीड महिन्यावर, तरी मी खेळू दिलं, ही शेवटची म्हणून. एक पॉइंट मागे. बॉल सानिकाकडे, ती बास्केटसमोर. तू घसा फोडून ओरडलास, "वडी!" आणि माझ्या लेकीने बॉल कोपऱ्यात उभ्या रिदाला दिला. रिदा आठवीतली, जेमतेम खांद्याला लागते. बॉल रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी. खलास.

गाडीत सानिका खिडकीला डोकं लावून बसली. घर येईपर्यंत एकच वाक्य बोलली. "आय डिड एक्झॅक्टली व्हॉट ही टोल्ड अस नॉट टू डू." दुसऱ्या दिवशी बूट कपाटाच्या वर टाकले आणि मॅथ्सचं पुस्तक उघडलं. तुझा फोन घेतला नाही. त्यानंतर आठ-दहा दिवसांत तू हॉस्पिटलात गेलास. पोटात दुखतंय म्हणून गेलेला माणूस, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात आशेला जागाच ठेवली नाही. तू मला बजावलंस, मुलींना आत्ता काही सांगू नकोस. तेवढं तुझं होतं. पुढचं सगळं माझं.

कारण दोन दिवसांनी तू फोन केलास. आवाज बारीक झाला होता, पण उत्साह काय! "मी व्हिडिओ तीनदा बघितला," म्हणालास. "मी बाकावरून चुकीचं ओरडलो. सानिकाच्या मागून दोघी आल्या होत्या, मला दिसल्या नाहीत, तिला दिसल्या. रिदा मोकळी होती. पास बरोबर होता. तिला सांग, पास बरोबर होता. माझा फोन घेत नाही ती, तू सांग."

मी म्हटलं, सांगते.

आणि नाही सांगितलं. का, ते तुला आज खरं सांगते. पोरगी चिडून अभ्यासाला बसली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा मी न ओरडता बसली होती. मी मनात म्हटलं, हा राग टिकला पाहिजे. निरोप दिला तर हिचा चेहरा खुलेल, ही तुला भेटायला निघेल, तुला त्या नळ्या लावलेल्या अवस्थेत बघेल, आणि मॅथ्स गेलं. पेपर संपले की सांगू. आमच्याकडे असंच चालतं, रेनातो. पेपर चालू असताना घरात कुणी आजारी पडत नाही, कुणाचं भांडण होत नाही, कुणी मरत नाही. सगळं पेपर संपल्यावर. माझ्या स्वतःच्या बारावीला माझे मामा गेले, मला त्यांचं बारावं-तेरावं झाल्यावर कळलं. त्या वेळी मी आईशी महिनाभर बोलले नव्हते. आणि तरी मी तेच केलं बघ. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

मी मुगाचं कढण घेऊन आले होते, तेव्हा तू ते विचारलंस. निरोप दिलास का, काय म्हणाली. माझ्या तोंडून ते निघून गेलं. "ओके कोच, म्हणाली." तू म्हणालास, "ओके? नुसतं ओके?" मग हसलास, आणि म्हणालास, "मोठी झाली." तुला ते पटलं नव्हतं हे मला दिसलं. तुझ्या प्लेमेकरच्या डोळ्यांना दिसलं असणारच. तरी तू मला पकडलं नाहीस. कढण दोन चमचे घेतलंस आणि विचारलंस, मुली कधी येतील? मी म्हटलं, पेपर झाले की सगळ्या येतील. "इन्शाल्ला," तू म्हणालास.

सायन्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी तू गेलास.

मग आम्ही आयांनी काय केलं, ऐक. ग्रुपवर अर्ध्या तासात ठरलं, शेवटचा पेपर होईपर्यंत मुलींना एक शब्द कळता कामा नये. फोन आधीच काढून घेतलेले होते. टीममधल्या सहाजणी दहावीच्या. सहा आया, सहा घरं, एकच नाटक. मी तुझे कागद घेऊन या काउंटरवरून त्या काउंटरवर पळत होते आणि घरी आल्यावर तोंड धुऊन, हसून विचारत होते, डायग्रॅमचा सराव झाला का? हमीदभाईंनी मला हटकलं. मशीन थांबवून म्हणाले, "ताई, पोरींना सांगा. आता रडतील नि गप होतील. मागून सांगाल तर माफ करायच्या नायत." मी म्हटलं, भाई, बोर्डाचं वर्ष आहे. त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं.

तुझी बहीण पाओला आली. अगदी तुझ्यासारखं नाक. तुला तिकडे पाठवल्यावर ती चार दिवस मागे राहिली, तुझी खोली आवरायला. मी मदतीला गेले. मोडकं इंग्लिश तिचं, माझंही काय कमी नाही, पण बायकांना खोली आवरायला भाषा लागत नाही. तिच्या फोनवर कुणाचा तरी फोन आला. बोलताना ती रडली, मग हसली. ठेवल्यावर मला म्हणाली, अंत्यविधीला खांदा द्यायला तो येणार आहे. कोण? तोच. शेवटच्या मॅचचा मुलगा. आता चाळिशीचा बाप्या झालाय.

आणि मग तिने मला ते सांगितलं जे तू सहा वर्षांत एकदा सांगितलं नाहीस. मॅच हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याच्या घरी गेलास. तो दार उघडेना. तू त्याच्या आईबरोबर स्वयंपाकघरात दुपारपर्यंत बसून राहिलास. शेवटी तो खाली आला तेव्हा म्हणालास, "पास बरोबर होता. तू मोकळा होतास. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तुलाच देईन." गावात कुणीही विचारलं तरी हेच सांगितलंस. त्यानंतर कितीतरी वर्षं दर रविवारी त्याला फोन करत राहिलास. तो पुढे दहा सीझन खेळला.

मी तुझे शर्ट घड्या घालत तिथेच बसले खाली. म्हणजे मी तुझ्याशी इतकी वर्षं ज्या मुलावरून भांडले, त्याच्यासाठी जे करायचं ते तू मी विचारायच्या कितीतरी आधी करून मोकळा झाला होतास! एकदा तरी सांगायचंस. तोंड बंद झालं असतं माझं. आणि दुसरी गोष्ट डोक्यात आली ती जास्त लागली. एका हरलेल्या पोराला त्याचं चुकलं नाही हे सांगायला तू एक दिवस थांबला नाहीस. मी माझ्या पोटच्या पोरीला सहा आठवडे थांबवलं होतं. एक निरोप माझ्या हातात दिला होतास, रेनातो, तेवढाच, आणि मी तो धरून बसले.

परवा शेवटचा पेपर झाला. सानिका गाडीत बसली, खुशीत होती. सोशल सोपा गेला म्हणाली. मी एसी लावला, गाडी सुरू केली नाही. म्हटलं, सानू, कोच गेले.

तिला आधी कळलंच नाही. "गेले व्हेअर?"

मग कळलं. हातातला सीटबेल्ट तिने तसाच सोडून दिला. मग विचारलं, "व्हेन?" सांगितलं. तिने बोटांवर दिवस मोजले. "सायन्सच्या आधी," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, ते मला जास्त झोंबलं. "त्या दिवशी तू शिरा केला होतास. यू मेड शिरा, आई."

हो, केला होता.

"यू डिसाइडेड. यू ऑल्वेज डिसाइड!" पोरगी इतकी ओरडली की पलीकडच्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली. मी ऐकून घेतलं. एरवी मी एका वाक्याला चार परत करते. ती रडून थांबली तेव्हा म्हटलं, अजून एक आहे. आणि सगळं सांगितलं. तुझा फोन, तीन वेळा बघितलेला व्हिडिओ, पास बरोबर होता. मी का दाबून ठेवलं तेही, राग टिकायला हवा होता हेसुद्धा. आणि हॉस्पिटलातलं खोटं. शेवटी म्हटलं, मला माफ कर. सोळा वर्षांत पहिल्यांदा म्हटलं असेन.

मला वाटलं, दार उघडून निघून जाईल. ती माझ्याकडे वळून बघत राहिली, डोळे लाल.

"तू काय सांगितलंस मी म्हणाले म्हणून?"

"ओके कोच."

"ओके?" तिला हसू फुटलं, रडता रडता, नाक पुसत. "मी? कोचना? आई, आय हॅव नेव्हर सेड ओके टू हिम इन माय लाइफ! आय वुड हॅव आर्ग्यूड!"

"मग काय म्हणाली असतीस?"

ती विचार करत बसली. तू जसं बघायला शिकवलंस तसं समोर बघत. मग तिने बोलायला सुरुवात केली, अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी. मी ते जसंच्या तसं लक्षात ठेवलंय.

म्हणाली, हो, मागून दोघी आल्या होत्या. पण मला वेळ होता. मी वरून टाकू शकले असते. मी रिदाला दिला कारण मला वाटलं, हुकला तर माझ्यावर नको. व्हिडिओत ते दिसत नाही. कोचना ते दिसणार नाही, ते मलाच माहितीय. आणि त्यांनी उगाच मला बरं वाटावं म्हणून सांगायचं नाही.

मग एकदम म्हणाली, "रिदाला कुणी काही सांगितलं का?"

कुणी नव्हतं सांगितलं. रिदा आठवीतली, तिला तू गेल्याचं कळलं होतं, पण त्या शॉटविषयी कुणी तिच्याशी बोललंच नव्हतं. आम्हा मोठ्यांच्या ते डोक्यातही आलं नाही. पाओलाकडून ऐकलेली त्या मुलाची गोष्ट मी सानिकाला अजून सांगितलीही नव्हती, हे लक्षात घे. पोरीने हात पुढे केला, "माझा फोन दे." पर्समधून काढून दिला. दोन महिन्यांनी हातात आलेला फोन. पहिला फोन तिने रिदाला लावला. "ऐक, तुझा शॉट चांगला होता. नाही, सॉरी बोलू नकोस. आय शुड हॅव टेकन इट. शनिवारी लवकर ये. हो, हॉलवर. मी आहे ना."

शनिवारी शाळेचा हॉल त्यांना मिळेल का, नवीन कोच कोण, मला काही माहीत नाही. त्यासाठी जे अर्ज लागतील ते मी भरेन, त्यात मला कुणी हरवू शकत नाही.

सानिका अजून माझ्याशी धड बोलत नाही. हमीदभाई म्हणाले होतेच. पण काल संध्याकाळी चार वाजता सेंटरात आली, तुझ्या जागी काउंटरला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांना लिहितेयस ना? मग माझं उत्तर नीट लिही. या वेळी स्वतःचं घालू नकोस."

तर रेनातो, माझं 'ओके कोच' खोड आणि हे घे. सानिका म्हणते, "कोच, तुम्ही चुकलात. पास बरोबर नव्हता. तो बॉल माझा होता, आणि पुढच्या वेळी मी टाकणार आहे."